कॅलिफोर्नियात डे-केअरची नोकरी: लसींचे आणि टीबीचे कागद कोणत्या क्रमाने जमवायचे

कॅलिफोर्नियात डे-केअरमध्ये रुजू होणाऱ्या मराठी बायकांच्या फाइली ठरावीक तीन जागी अडतात. लस घेतलेली असते, पण भलतीच. लस बरोबर असते, पण कागद नसतो. किंवा उत्साहाच्या भरात आधी एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) टोचून घेतलेली असते आणि त्यामुळे टीबीची तपासणी चार आठवडे पुढे जाते. सेंटर काही तितकं थांबत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. लस घ्यावी की नाही हा वाद इथे नाही, तो तुमच्या डॉक्टरांशी घाला.

आधी हे माहीत हवं: कायदा काय मागतो

एसबी ७९२ हा कायदा १ सप्टेंबर २०१६ पासून लागू आहे. सेंटर असो की घरी चालवलेलं होम डे-केअर, तिथे काम करणाऱ्या माणसाचं तीन आजारांविरुद्ध लसीकरण झालेलं हवं: गोवर, डांग्या खोकला आणि फ्लू. शिक्षिका, मदतनीस, स्वयंपाकीण, ऑफिसात बसणारी, सगळ्या यात आल्या. मुलांना सांभाळणारे बिनपगारी स्वयंसेवकही आले.

टीबीचं प्रकरण वेगळं आहे. ती लस नाही, तपासणी आहे, आणि ती लायसेन्सिंगच्या, म्हणजे डे-केअरला परवाना देणाऱ्या राज्याच्या विभागाच्या, नियमांतून येते. रुजू होण्याआधीच्या एका वर्षात किंवा रुजू झाल्यावर सात दिवसांच्या आत ती झालेली हवी.

कांजिण्या, हिपॅटायटिस, कोविड या लसी एसबी ७९२ मागत नाही. एखादं सेंटर स्वतःच्या धोरणाने मागू शकतं, तेव्हा ऑफर आली की यादी लेखी मागून घ्या. न्यू जर्सी, टेक्सास किंवा आणखी कुठे असाल तर यादी तुमच्या राज्याची घ्या. खालचा क्रम मात्र तिथेही उपयोगी पडेल.

१. जुने कागद शोधा, पण मुदत घालून

पहिली धाव सगळ्यांचीच आईकडे असते: "कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात बघ गं." बघू द्या, पण एक आठवड्याची मुदत द्या. तेवढ्यात कार्ड सापडलं नाही तर ते नाहीच असं धरून पुढे चला. नाशिकच्या दवाखान्याने तीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढून द्यावं म्हणून महिनाभर फोन करत बसण्यापेक्षा लस पुन्हा घेणं सोपं असतं. आधी घेतलेली एमएमआर पुन्हा घेतल्याने सहसा अपाय होत नाही.

अमेरिकेतले कागद मात्र नीट शोधा. बऱ्याच जणींकडे ते असतात आणि त्यांच्या लक्षातच नसतात:

- ग्रीन कार्डासाठी वैद्यकीय तपासणी झाली असेल तर आय-६९३ फॉर्मची तुमची प्रत. त्यात एमएमआर आणि टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची मोठ्यांसाठीची लस) यांच्या तारखा असू शकतात. सीलबंद पाकीट सरकारकडे गेलं तरी एक प्रत तुमच्या हातात दिलेली असते.
- इथे बाळंतपण झालं असेल तर प्रसूतीच्या डॉक्टरांकडची नोंद. गरोदरपणी २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान टीडॅप देण्याची इथे पद्धत आहे.
- राज्याच्या डिजिटल व्हॅक्सिन रेकॉर्डच्या वेबसाइटवरची नोंद. नाव, जन्मतारीख आणि लस घेताना दिलेला फोन किंवा ईमेल घातला की ती निघते. भारतात घेतलेल्या लसी तिथे आपोआप येत नाहीत.
- इथल्या कॉलेजात शिकला असाल तर कॉलेजच्या आरोग्य केंद्राकडची नोंद.

एच-१बी किंवा एच-४ वर आलेल्यांना व्हिसासाठी लसी लागतच नाहीत. त्यामुळे "व्हिसाच्या वेळी सगळं झालं होतं" असं वाटत असेल तर ती बहुधा ग्रीन कार्डाची किंवा दुसऱ्याच कुणाची आठवण आहे.

२. सापडलेलं भारतातलं कार्ड वाचा

कार्ड सापडलं म्हणजे काम झालं, असं नाही. चार गोष्टी तपासा.

नाव. कितीतरी जुन्या कार्डांवर मुलीचं नावच नसतं. "बेबी ऑफ सुनीता" एवढंच असतं. किंवा माहेरचं नाव असतं आणि इथल्या वर्क परमिटवर सासरचं. जन्मतारीख आणि आईचं नाव जुळत असेल तर पासपोर्टची प्रत आणि लग्नाचा दाखला सोबत जोडून डॉक्टरांना दाखवता येतं. नाव आणि तारीख दोन्ही नसलेला कागद सोडून द्या.

तारीख. ०५/०८/९१ म्हणजे आपल्याकडे ५ ऑगस्ट, इथल्या नर्सच्या डोळ्यांना ८ मे. त्या फरकाने लस कोणत्या वयात दिली याचं गणित बदलू शकतं. तुम्ही स्वतः वेगळ्या कागदावर महिना अक्षरांत लिहून द्या. मूळ कार्डावर पेन लावू नका. खाडाखोड दिसली की संशय येतो.

गोवराची लस कोणत्या महिन्यात दिली. इथे बरेच कागद बाद होतात. भारताच्या सरकारी कार्यक्रमात गोवराचा डोस नवव्या महिन्यात दिला जायचा, आजही पहिला डोस त्याच सुमारास असतो. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस धरत नाहीत. म्हणजे कार्डावर फक्त नवव्या महिन्याचा शिक्का असेल तर इथल्या हिशेबाने तुमची पाटी कोरी. खासगी बालरोगतज्ज्ञांनी पंधराव्या महिन्याच्या आसपास एमएमआर दिली असेल तर ती मात्र धरली जाते.

धनुर्वाताचं इंजेक्शन. गुडघा फुटला, खिळा लागला की आपल्याकडे टीटी टोचतात. त्यात फक्त धनुर्वात असतो. टीडीमध्ये धनुर्वात आणि घटसर्प. डांग्या खोकला या दोन्हींत नाही. लहानपणच्या त्रिगुणी लसीत तो होता, पण त्या संरक्षणाचा जोर एव्हाना ओसरलेला असतो. मोठ्या माणसाच्या फाइलीत टीडॅपच लागते.

> तपासा: कार्ड मराठीत असेल तर शेजारी इंग्रजी भाषांतर ठेवा. साधं, ओळीला ओळ. लसीचं नाव भाषांतरात "सुधारू" नका. कार्डावर "गोवर" आहे तर भाषांतरात एमएमआर लिहायचं नाही.

३. टीबीची तपासणी: लसींच्या आधी किंवा त्याच दिवशी

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. एमएमआरमध्ये जिवंत, पण क्षीण केलेले विषाणू असतात. त्यांच्यामुळे काही आठवडे टीबीच्या तपासणीची प्रतिक्रिया दबू शकते आणि निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून तपासणी एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी करायची. तो दिवस हुकला तर किमान चार आठवडे थांबावं लागतं. नियम सांगतो रुजू झाल्यावर सात दिवस, लस सांगते चार आठवडे. फाइल अडकते ती या दोहोंच्या मध्ये.

आता कोणती तपासणी. आपल्या बहुतेकांना जन्मल्यावर बीसीजी टोचलेली असते, दंडावर तिचा वण असतो. त्वचेची चाचणी, जिला आपल्याकडे मॉन्टू टेस्ट म्हणतात, ती बीसीजीमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची चाचणी, म्हणजे क्वांटिफेरॉन किंवा टी-स्पॉट, बीसीजीला फसत नाही. भारतात वाढलेल्या माणसाने शक्यतो थेट रक्ताचीच मागावी. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: "मला बीसीजी दिलेली आहे, रक्ताची चाचणी हवी आहे."

त्वचेचीच करावी लागली तर दोन पथ्यं:

- हाताच्या आतल्या बाजूला द्रव टोचल्यावर तो ४८ ते ७२ तासांत प्रशिक्षित माणसाने बघावा लागतो. गुरुवारी टोचलंत तर बघायची वेळ शनिवार-रविवारी येते आणि दवाखाना बंद. सोमवार किंवा मंगळवार गाठा.
- मोजतात ती गाठ, लाली नाही. घरी पट्टी लावून, फोटो काढून पाठवलेला निकाल चालत नाही.

पॉझिटिव्ह आलं तर? घाबरून जाऊ नका, आणि "बीसीजीमुळेच असेल" म्हणून सोडूनही देऊ नका. पुढची पायरी छातीचा एक्स-रे आणि लक्षणांची विचारपूस. एक्स-रे स्वच्छ आणि लक्षणं नाहीत म्हणजे सुप्त टीबी. तो दुसऱ्याला लागत नाही आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं की काम करता येतं. उपचार घेण्याबद्दल डॉक्टर बोलतील. हल्ली तीन-चार महिन्यांचे पर्याय आहेत, ते ऐकून घ्या. रक्ताची चाचणी एकदा खरी पॉझिटिव्ह आली की दर नोकरीला ती पुन्हा करण्यात अर्थ नाही. तो निकाल आणि एक्स-रेचा अहवाल जपून ठेवा, पुढच्या वेळी तेच दाखवायचे.

याच डॉक्टरांकडून एलआयसी ५०३ हा आरोग्य तपासणीचा फॉर्म भरून घ्या; सही टीबीचा निकाल आल्यावर होते. सेंटर तो कोरा देतं. तुमचा भाग तुम्ही घरीच भरा, बाकी डॉक्टर भरतात. तुमची तब्येत या कामाला योग्य आहे का आणि टीबीचा निकाल काय, हे त्यावर येतं. नेहमी विसरतं ते डॉक्टरांच्या सहीखालची तारीख. ती असल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नका.

> इशारा: चेन फार्मसीत लस मिळते, पण फार्मसिस्टची सही एलआयसी ५०३ वर चालत नाही. ही तपासणी डॉक्टरांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली झालेली हवी.

४. गोवर: डोस की टायटर

कागद नसेल तर दोन वाटा आहेत. एक, एमएमआर सरळ घेऊन टाका. दोन, रक्तातली गोवराची प्रतिपिंडं तपासून घ्या. त्याला इथे टायटर म्हणतात. टायटर चांगला आला तर नुसता लॅबचा कागद पुरत नाही. कायद्याला परवानाधारक डॉक्टरांचं लेखी विधान लागतं की या व्यक्तीत सध्या रोगप्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा आहे. "मला लहानपणी गोवर येऊन गेलाय, आईला पक्कं आठवतंय" हे त्या विधानाच्या जागी चालत नाही.

माझं मत विचाराल तर गरोदर नसाल आणि प्रतिकारशक्तीचा काही आजार नसेल तर एमएमआरच घ्या. नेटवर्कमध्ये घेतली तर बहुतेक इन्शुरन्समध्ये ती फुकट असते. टायटरचं बिल डिडक्टिबलमध्ये, म्हणजे इन्शुरन्सने भरायच्या आधी तुमच्या खिशातून, जाऊ शकतं. शिवाय टायटर कमी आला की शेवटी लस आहेच, मधले दिवस फुकट गेले.

डोस एक की दोन, हे कायद्यात लिहिलेलं नाही. साधारण प्रौढांना एक पुरेसा मानतात. परदेश प्रवास करणाऱ्यांना मात्र २८ दिवसांच्या अंतराने दोन डोसांचा सल्ला देतात, आणि आपली भारतवारी कुणाला चुकली आहे? दुसरा डोस घेऊन ठेवा.

गरोदर असाल किंवा महिनाभरात राहण्याचा विचार असेल तर एमएमआर घ्यायची नाही. अशा वेळी टायटरची वाट योग्य. टायटर कमी निघाला तर सध्या लस सुरक्षित नाही असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि लस बाळंतपणानंतर घ्या. अंगावर पाजत असाल तर चालते. स्टेरॉइडचे मोठे डोस, केमोथेरपी, नुकतंच चढवलेलं रक्त, जिलेटिन किंवा निओमायसिनची तीव्र ॲलर्जी, यांपैकी काही असेल तर टोचण्याआधी सांगा. कांजिण्यांची लसही घ्यायची असेल (भारतात वाढलेल्या बऱ्याच जणांना त्या लहानपणी झालेल्याच नसतात) तर ती एमएमआरच्या दिवशीच घ्या, नाहीतर मध्ये २८ दिवस सोडा. दोन्ही जिवंत लसी आहेत.

लसीनंतर आठवडा-दीड आठवड्याने थोडा ताप, पुरळ किंवा सांधेदुखी होऊ शकते. सांधे दुखण्याची तक्रार मोठ्या बायकांत जास्त दिसते. पहिल्या आठवड्याच्या कामाचं नियोजन करताना हे डोक्यात असू द्या.

५. डांग्या खोकला: इथे डोकं चालवू नका

टीडॅपचा एक डोस घ्या. टायटर काढू नका. डांग्या खोकल्यापासून संरक्षण आहे की नाही हे ठरवणारी मान्य रक्तचाचणी नाही. मागच्याच महिन्यात टीटी घेतलं असेल तरी टीडॅपसाठी थांबावं लागत नाही. दंड दोन दिवस दुखतो, एवढंच.

कागदावर "टीडॅप", "बूस्ट्रिक्स" किंवा "ॲडासेल" यांपैकी काहीतरी लिहिलेलं आहे ना, ते काउंटरवरच वाचा. "टेटॅनस बूस्टर" एवढंच लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

६. फ्लू: तारखेची लस

फ्लूची लस दरवर्षी १ ऑगस्ट ते १ डिसेंबर या काळात घेतलेली हवी. जुलैत घेतलेली त्या मुदतीत बसत नाही. जूनमध्ये पुण्याला गेलेलं असताना डॉक्टर मामाने टोचलेलीही बसत नाही.

१ डिसेंबरनंतर आणि १ ऑगस्टआधी रुजू झालात तर पहिल्या वर्षापुरती फ्लूची सूट आहे. ऑगस्ट लागला की तुम्ही इतरांसारख्याच. फेब्रुवारीत लागलेल्या कितीतरी जणी ही सूट कायमची समजून बसतात.

फ्लूची लस नको असेल तर तसं लेखी देऊन नाकारता येते. दर मोसमाला नवीन तारखेने सही करून द्या. ही मुभा फक्त फ्लूला आहे. गोवर आणि डांग्या खोकल्याला "माझा विश्वास नाही" किंवा "आमच्यात घेत नाहीत" हे कारण चालत नाही. वैद्यकीय कारण, तेही डॉक्टरांच्या लेखी विधानासह, एवढंच चालतं. इथे कॅलिफोर्नियाचा परवाना असलेल्या डॉक्टरांचं पत्र घ्या. गावाकडच्या ओळखीच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पत्र फाइलीत लावलं तर लायसेन्सिंगचा माणूस फाइली तपासायला येईल त्या दिवशी सेंटरची अडचण होते.

वेळ कमी असेल तर: एका भेटीचा बेत

ऑफर आणि रुजू होण्यात आठवडाभरच असेल तर सगळं एका भेटीत उरकता येतं. आधी टीबीसाठी रक्त द्या, मग त्याच दिवशी एमएमआर, टीडॅप आणि मोसम असेल तर फ्लू. एलआयसी ५०३ सोबत न्या. सही टीबीचा निकाल आल्यावर होईल, म्हणून तो न्यायला कधी यायचं हे तेव्हाच विचारून ठेवा. अपॉइंटमेंट घेताना या सगळ्या गोष्टींची नावं एकेक करून सांगा. "नोकरीसाठी फिजिकल हवी" एवढंच सांगितलं तर वजन-उंची-बीपी होऊन घरी याल. नोकरीसाठीची तपासणी इन्शुरन्स देईलच असं नाही, तेही विचारून घ्या.

७. तीस दिवसांची मुभा कुणाला

कायद्यात ३० दिवसांची सवलत आहे आणि ती सर्रास चुकीची वापरली जाते. ज्यांची लस झालेली आहे पण कागद मिळायला वेळ लागतोय, त्यांच्यासाठी ती आहे. "माझं आवश्यक लसीकरण झालेलं आहे" असं लिहून सही द्यावी लागते, मग जास्तीत जास्त ३० दिवस काम करता येतं. लस झालेलीच नसेल तर ही सही खोटी ठरते. डायरेक्टर बाई घाईत पुढे करतील तो कागद वाचून मगच सही करा. टीबीच्या सात दिवसांशी या तीस दिवसांचा काही संबंध नाही.

८. फाइल लावणं

सेंटरला हे पुरावे तुमच्या वैयक्तिक फाइलीत ठेवावे लागतात, म्हणजे लायसेन्सिंगचा माणूस आला की तो तीच फाइल उघडतो. देण्याआधी प्रत्येक कागदावर बघा: पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, लसीचं नाव, दिलेली तारीख, देणाऱ्याचं किंवा दवाखान्याचं नाव. बिलाची पावती हा लसीचा पुरावा नव्हे. फोनमधला अर्धवट कापलेला स्क्रीनशॉटही नव्हे.

मूळ कागद कधीच देऊ नका, प्रत द्या. नोकरी बदलली की हेच कागद पुन्हा लागतात आणि जुनं सेंटर ते तत्परतेने शोधून देईल या भरवशावर राहू नये.

९. होम डे-केअर चालवणार असाल तर

लसींचा नियम तुम्हालाही तोच. तुमच्या मदतनीस बाईची फाइल ठेवायची जबाबदारी तुमची, आणि तिच्याइतकेच नीट स्वतःचे कागदही ठेवा.

आपल्याकडे खास घोळ होतो तो टीबीचा. मुलं घरात असताना तिथे असणाऱ्या प्रत्येक प्रौढाचा टीबी निर्वाळा लागतो. नवरा घरून काम करतो? त्याचा लागतो. वरच्या खोलीत कॉलेजात जाणारा भाऊ राहतो? त्याचा लागतो. आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आलेत? त्यांचाही. इथे आल्यापासून सात दिवसांत तपासणी व्हायला हवी. वय झालेल्या माणसांत रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता चांगलीच असते. मग एक्स-रे आला, आणि प्रवासी इन्शुरन्स त्याचे पैसे देईल असं धरू नका. म्हणून तिकीट काढतानाच त्यांना भारतातल्या चांगल्या लॅबमधून रक्ताची चाचणी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे करून, इंग्रजी अहवाल सोबत आणायला सांगा. इथला डॉक्टर तो ग्राह्य धरेल की पुन्हा करायला लावेल हे त्याच्या हातात आहे, पण रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा बरं. लांबचा मुक्काम असेल तर बोटांच्या ठशांची तपासणी लागते का, हे पाहुणे येण्याआधी तुमच्या लायसेन्सिंग ॲनालिस्टला ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर त्याच फाइलीत लावून ठेवा.